अ‍ॅनी पुरस्कार : हलत्या चित्रातला कर्ता कोण?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे कार्टूनच्या पुरस्कारांचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. पण पुरस्कार देणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. पुरस्कार देणारा एक विधान करत असतो: हे काम चांगलं झालं, आणि ते याने केलं. पहिला भाग सौंदर्यशास्त्राचा, दुसरा कर्तृत्वाचा. पहिल्या भागावर आपण रात्र-रात्र वाद घालतो. दुसरा मात्र गृहीत धरून मोकळे होतो. अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात हा दुसरा भागच फार अवघड आहे, आणि अमेरिकेतल्या अ‍ॅनी पुरस्कारांचा पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे त्या अवघड भागाशी घातलेली झटापट आहे. म्हणून आज हा विषय.

टॉम आणि जेरी तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत, नातवंडांबरोबर अजूनही बघत असाल. त्या जुन्या लघुपटांच्या पाटीवर एक नाव हमखास येतं, फ्रेड क्विम्बी. 1940 आणि 1950च्या दशकांत या मांजर-उंदराच्या सात लघुपटांना ऑस्कर मिळालं. ते घ्यायला मंचावर कोण गेलं? क्विम्बी. हा गृहस्थ एमजीएम कंपनीच्या कार्टून विभागाचा निर्माता. त्याने एक रेघ काढली नाही, एक विनोद सुचवला नाही. लघुपट दिग्दर्शित केले होते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी. बार्बेराचा हात चित्राचा, विनोदाचा. हॅनाचं डोकं वेळेचं, म्हणजे तवा डोक्यावर नेमका कितव्या चित्राला आदळायचा, त्याचं. त्यांच्या हाताखाली चित्रकारांचा ताफा होता. पण लघुपटाचा पुरस्कार निर्मात्याला, अशी तेव्हाची रीत. त्यामुळे मूर्ती क्विम्बीच्या हाती जायची.

आता तुम्ही म्हणाल, हा सरळसरळ अन्याय आहे. आहेच. पण नेमका कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे. क्विम्बीने काहीच केलं नाही असं म्हणता येत नाही. त्याने काम करवून घेतलं. आपल्या मराठीत याची सुंदर सोय आहे बघा. करणे, करवणे, करवून घेणे. एकाच क्रियेच्या तीन पायऱ्या. पोर चालतं, आई त्याला चालवते, आणि आजी आईला सांगून ते चालवून घेते. चाललं कोण? पोर. पाणिनीने याचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता, असं तो मानतो. आणि लगेच पुढे, त्या कर्त्याला जो कामाला लावतो तोही कर्ताच, त्याला हेतू असंही नाव देतो. म्हणजे एका क्रियेला दोन कर्ते असू शकतात, आणि दोघेही खरे. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याकडून वेद म्हणवले ही कथा आपण ऐकत आलो. श्रेय ज्ञानेश्वरांना, रेड्याला नाही, याबद्दल कुणाला शंका नसते. कारण रेड्याचं स्वातंत्र्य त्या क्रियेत शून्य आहे. पण क्विम्बीच्या हाताखालचा चित्रकार म्हणजे रेडा नव्हे. त्याच्या मनगटात स्वतःचा निर्णय होता. सगळी गोम तिथे आहे.

अ‍ॅनिमेशनच्या जन्मापासूनच ही गोम दिसते. विन्सर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराने 1914 साली गर्टी नावाची डायनासोर पडद्यावर आणली. तो नाटकशाळेत चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचा आणि गर्टीला हुकूम द्यायचा. गर्टी नमस्कार करायची, हट्ट करायची. रागावलं की रडायची. मॅके तिच्याकडे सफरचंद फेकल्याचा आविर्भाव करायचा आणि पडद्यावर ती ते पकडायची. शेवटी तो पडद्यामागे जायचा, आणि पडद्यावर चित्रातला मॅके तिच्या पाठीवर बसून निघून जायचा. प्रेक्षक वेडे व्हायचे. इथे करणारा आणि करवणारा एकाच मंचावर डोळ्यांसमोर उभे आहेत. मात्र तिसरा एक माणूस कुणाला दिसत नव्हता. तेव्हा पारदर्शक पत्र्यांची पद्धत रुळली नव्हती, त्यामुळे हालचालीच्या प्रत्येक चित्रावर मागचे डोंगर, दगड, झाड नव्याने काढावं लागे. हजारो चित्रं. ते काम जॉन फिट्झसिमन्स या तरुणाने केलं. मॅकेने गर्टीला हलवलं. डोंगर हलू नये याची काळजी फिट्झसिमन्सने घेतली. हललेलं सगळ्यांना दिसतं हो, पण न हललेलं कुणाला दिसणार?

आज अ‍ॅनी पुरस्कारांतला जीवनगौरव विन्सर मॅकेच्या नावाने दिला जातो. फिट्झसिमन्सच्या नावाने काही नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पुढच्या गोष्टीला लागतं म्हणून सांगून ठेवतो.

आता मूळ कथा. जून फोरे ही आवाजाची कलाकार. जन्म 1917चा. रॉकी नावाची उडती खार, तिच्या मालिकेतली हेरगिरी करणारी नताशा, लूनी ट्यून्समधली चष्मेवाली आजी, डिस्नेच्या सिंड्रेलातलं ल्युसिफर मांजर, हे सगळे तिचे आवाज. एका गळ्यात पाच-पन्नास माणसं आणि प्राणी. पण त्या काळच्या वॉर्नर कंपनीच्या लघुपटांत आवाजाचं श्रेय म्हणून पाटीवर नाव यायचं फक्त मेल ब्लँकचं, कारण त्याने तसा करार करून घेतला होता. ब्लँक थोर कलावंत, त्यात वाद नाही. पण त्याच लघुपटात बोललेली बाई पाटीवर नसायची. फोरेला निनावी असण्याचा चांगला अनुभव होता.

1972 साली तिने हॉलिवूडमधल्या एका संस्थेच्या कार्यकारिणीत सूचना मांडली की आपल्या क्षेत्रातल्या माणसांचा दरवर्षी सत्कार करूया. ही संस्था म्हणजे असिफा-हॉलिवूड. असिफा ही अ‍ॅनिमेशनची आंतरराष्ट्रीय संघटना 1960 साली फ्रान्समध्ये स्थापन झाली, त्याची ही शाखा. अध्यक्ष होते निक बोसुस्टो. त्यांना वाटलं, कोण येणार आहे असल्या जेवणाला? फोरेच्या आठवणीप्रमाणे 400 माणसं आली. पुढे तिच्या नवऱ्याने, होबार्ट डोनवॅन यांनी, पुरस्काराला नाव सुचवलं. अ‍ॅनिमेशनमधलं अ‍ॅनी. एवढंच. मुलीचं नाव ठेवावं इतक्या सहजपणे ठेवलेलं.

पहिला सत्कार मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांचा. बेटी बूप, पडद्यावरचा पोपाय, ही त्यांच्या स्टुडिओची निर्मिती. खऱ्या माणसाच्या चित्रीकरणावरून एकेक चित्र गिरवण्याचं रोटोस्कोप हे यंत्र मॅक्सचं. एके काळी डिस्नेला टक्कर देणारा हा स्टुडिओ 1940च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या हातून गेला, वितरक कंपनी पॅरामाउंटकडे. पुढची तीस वर्षं जग त्यांना जवळपास विसरून गेलं. 1972च्या सप्टेंबरात मॅक्स वारला. अगदी शेवटच्या घटकेला बिरादरीने हाक मारली म्हणायची. पुढच्या वर्षांत टेक्स एव्हरी, चक जोन्स, फ्रिझ फ्रेलेंग अशी मंडळी आली. बग्ज बनीची लाडकी रूपं ज्यांच्या हातून घडली ती माणसं. त्यातल्या बऱ्याच जणांचे चेहरे प्रेक्षकांनी कधी पाहिले नव्हते.

या पुरस्काराची मूर्तीही बघण्यासारखी आहे. ऑस्करसारखा तलवार धरलेला माणूस नाही. ते झोट्रोप आहे. झोट्रोप म्हणजे फिरतं पिंप, त्याच्या कडेला उभ्या चिरा, आणि आत कागदाच्या पट्टीवर ओळीने काढलेली चित्रं. पिंप फिरवून चिरेतून बघितलं की घोडा पळतो. एकोणिसाव्या शतकातलं खेळणं. मला ही निवड फार आवडते. पळणारा घोडा पट्टीवर कुठेच नसतो. पट्टीवर असतात ती बारा-चौदा थांबलेली चित्रं. पळणं बघणाऱ्याच्या मनात घडतं. बौद्ध क्षणिकवाद्यांना हे पिंप दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, आम्ही वेगळं काय सांगत होतो?

असो.

पहिली वीस वर्षं हा कार्यक्रम म्हणजे सत्कार होता. सत्कारात हरणारं कुणी नसतं. 1992पासून त्यात स्पर्धा आली, सर्वोत्तम चित्रपट निवडायला सुरुवात झाली आणि पहिला मान डिस्नेच्या ब्यूटी अँड द बीस्टला मिळाला. याच चित्रपटाला त्या वर्षी ऑस्करच्या मुख्य, म्हणजे सर्वोत्तम चित्रपटाच्या यादीत नामांकन होतं. अ‍ॅनिमेशनपटाला ते प्रथमच मिळालं होतं. ऑस्करने अ‍ॅनिमेशनच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी वेगळा विभाग सुरू केला तो 2001च्या चित्रपटांपासून. पहिला विजेता श्रेक. त्या विभागासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्यांत पुन्हा जून फोरे होतीच. बाई चिवट. 2012 साली वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी तिला आवाजासाठी एमी मिळालं, आणि 2017 साली शंभरीला दोन महिने कमी असताना ती गेली.

आता गाभ्याचा मुद्दा. ऑस्करमध्ये अ‍ॅनिमेशनला दोन मूर्ती: एक लांब चित्रपटाला, एक लघुपटाला. अ‍ॅनीमध्ये आज तीसहून अधिक विभाग आहेत. उगाच खिरापत वाटावी तसे ते वाढलेले नाहीत. त्यातला एकेक विभाग म्हणजे "हे कुणी केलं?" या प्रश्नाचं एकेक उत्तर आहे. स्टोरीबोर्डचा विभाग आहे. स्टोरीबोर्ड म्हणजे चित्रपट करण्याआधी तो कच्च्या चित्रांच्या चौकटींत मांडून बघणं. कितीतरी वेळा प्रसंगातला विनोद किंवा हुंदका लिहिणाऱ्याच्या कागदावर नसतो, तो या चौकटींत सापडतो. पात्राच्या रूपरेखनाचा विभाग आहे. पाणी-धूर-आगीचा आहे, संकलनाचा, संगीताचा आहे. आणि दोन विभाग असे आहेत की ज्यांच्यासाठी मी आज इथे उभा आहे: एक पात्राच्या अ‍ॅनिमेशनचा, आणि एक आवाजाच्या अभिनयाचा.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. शरीराचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि आतल्या भावाचा. हे चार प्रकार भरताने वेगळे केले ते समजावण्यासाठी. रंगमंचावर एकाच नटाच्या देहात ते एकवटलेले असतात. बालगंधर्व उभे राहिले की गळा, हात, शालू आणि डोळ्यांतलं पाणी एकाच माणसाचं. अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र हे चार प्रकार खरोखरच वेगवेगळ्या माणसांकडे गेले. वाचिक अभिनय ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकट्याने बोलणाऱ्या नटाचा. आंगिक अभिनय मेजावर बसलेल्या अ‍ॅनिमेटरचा. आहार्य रूपरेखनकाराचा.

आणि सात्त्विक? इथे खरी गंमत आहे. सात्त्विक भाव आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. अंगावर काटा येणं, घाम फुटणं, डोळ्यांत पाणी येणं. हे नटाला ठरवून करता येत नाहीत, मन त्या भावात बुडलं तरच येतात, म्हणून त्यांची थोरवी. आता संगणकावर केलेल्या चित्रपटात अंगावरचे केस कोण उभे करतो? केस आणि कपडे सांभाळणारं खातं. डोळ्यांतला थेंब कुणाचा? बऱ्याचदा तो पाणी-धूर-आगीच्या खात्यातल्या तंत्रज्ञाचा. भरताने ज्याला अभिनयाचा सर्वांत आतला, मनाशी बांधलेला भाग मानलं, तो इथे भौतिकशास्त्र येणारा माणूस आकडे बसवून घडवतो. आणि तरी प्रेक्षक रडतो! मी स्वतः रडलो आहे, सांगायला लाज कसली.

मग अभिनय कुणाचा? ऑस्करला हा प्रश्न झेपलेला नाही. नुसत्या आवाजाच्या कामासाठी अभिनयाच्या ऑस्करचं नामांकन आजवर कुणालाही मिळालेलं नाही. अ‍ॅनिमेटरला अभिनेता म्हणून नामांकन मिळणं तर दूरच. अ‍ॅनीने मात्र दोघांनाही मानलं. आवाज देणाऱ्याला वेगळा पुरस्कार, आणि पात्राला हलवणाऱ्याला वेगळा, तोही स्टुडिओच्या नावाने नव्हे तर व्यक्तीच्या नावाने. त्या माणसाने स्वतः केलेले तुकडे परीक्षणाला जातात.

अ‍ॅनिमेटर काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांचा समज असा की आता संगणक आपोआप करतो. पडद्यावर एका सेकंदाला 24 चित्रं जातात. पात्र खुर्चीतून उठतं एवढी साधी गोष्ट घ्या. म्हातारा उठेल तर आधी हात खुर्चीवर टेकेल, मान पुढे येईल, मग एक क्षण थांबेल, मग गुडघे. रागावलेला उठेल तर आधी नजर उठेल, अंग मागून येईल. कुठलं आधी, कुठलं नंतर, मध्ये किती चित्रांचा थांबा, हा प्रत्येक निर्णय अ‍ॅनिमेटरचा. म्हणून तो आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करतो, स्वतःचं चित्रीकरण करून बघतो. मोठ्या चित्रपटात आठवड्याच्या कामातून हाती लागतात काही सेकंद. पाणिनीच्या भाषेत बोलायचं तर या उठण्याच्या क्रियेत स्वतंत्र कोण? पात्र नाही. दिग्दर्शक "इथे तो उठतो" असं सांगणारा, म्हणजे हेतू. स्वातंत्र्य मनगटाशी आहे. त्या मनगटाला नावाने हाक मारणारा पुरस्कार, ही अ‍ॅनीची सर्वांत मोठी कामगिरी असं माझं मत आहे. सर्वोत्तम चित्रपटाचा गाजावाजा होतो, पण तो त्यामानाने किरकोळ.

गाजावाजाचंही थोडं बोलायला हवं, कारण भांडण तिथे झालं. 2009च्या जानेवारीत सर्वोत्तम चित्रपट ठरला ड्रीमवर्क्सचा कुंग फू पांडा. पिक्सारच्या वॉल-ईला एकही अ‍ॅनी मिळालं नाही. पुढच्या महिन्यात ऑस्कर वॉल-ईलाच मिळालं. आता पांडा काही वाईट चित्रपट नाही. पण वॉल-ईला शून्य म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. आक्षेप असा होता की संस्थेची वर्गणी भरली की कुणालाही सभासद होता येतं, सभासद झालं की मत देता येतं, आणि एखाद्या स्टुडिओने आपल्या सगळ्या नोकरांना सभासद करून घेतलं तर? आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. 2010च्या ऑगस्टमध्ये डिस्ने आणि पिक्सार यांनी संस्थेचं पाठबळ काढून घेतलं. पुढच्या वर्षी ड्रीमवर्क्सच्याच हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगनने टॉय स्टोरी 3ला मागे टाकलं. त्यानंतर मतदान व्यावसायिकांपुरतं आवळण्यात आलं आणि डिस्ने परतली.

या भांडणात दोन्ही बाजू आपापल्या हिशेबाने बोलत होत्या हे उघड आहे. तरी प्रश्न खोटा नव्हता. चांगलं कशाला म्हणायचं हे कुणी ठरवावं? जाणकारांनी, असं प्लेटो लगेच म्हणेल. पोहण्याबद्दल गर्दीला विचारू नये, पोहणाऱ्याला विचारावं. पण इथे जाणकार म्हणजे कोण? याच पाच-सहा स्टुडिओंत नोकरी करणारी माणसं. न्यायाधीश आणि पक्षकार एकाच जेवणाच्या डब्यावर बसलेले. आणि प्रेक्षकाला बाहेर ठेवलं तर झोट्रोपचं काय? घोडा त्याच्याच डोक्यात पळतो ना? माझा कौल तरीही व्यावसायिकांच्या बाजूने आहे, निदान या पुरस्कारापुरता. चित्रपट भावला की नाही हे प्रेक्षकाने सांगावं. खुर्चीतून उठताना हात आधी टेकला ते कुणाला सुचलं, हे ओळखायला त्या मेजावर बसलेला माणूसच लागतो.

तशी उदाहरणंही आहेत. ब्रॅड बर्डचा द आयर्न जायंट 1999 साली तिकीटखिडकीवर पडला. अ‍ॅनीने त्याला नऊ पुरस्कार दिले. ऑस्करमध्ये तेव्हा तो विभागच नव्हता. 2020 साली स्पेनच्या सर्जिओ पाब्लोसच्या क्लाउसला सात अ‍ॅनी मिळाली, ऑस्कर गेलं टॉय स्टोरी 4ला. छोट्या, स्वतंत्र निर्मितीसाठी 2016पासून वेगळा विभाग आहे, त्यात पहिला आला ब्राझीलचा बॉय अँड द वर्ल्ड. यापैकी एकच बघायचा असेल तर तो बघा, त्यात समजेल अशी भाषा जवळजवळ नाहीच.

आता शेवटचा प्रसंग, आणि हा आपल्या घराजवळ येतो.

लाइफ ऑफ पाय. अँग लीचा 2012चा चित्रपट. पाँडिचेरीचा मुलगा, समुद्र, नाव, आणि नावेत रिचर्ड पार्कर नावाचा वाघ. थोड्या दृश्यांत खरे वाघ आहेत. बाकी बहुतेक वाघ संगणकावर घडवलेला. तो वाघ केला र्‍हिदम अँड ह्यूज या लॉस एंजेलिसच्या कंपनीने. या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेतही होते, आणि त्या वाघावर राबलेल्या शेकडो लोकांत इथली माणसंही होती. 2013च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला अ‍ॅनी सोहळ्यात, खऱ्या नटांच्या चित्रपटातल्या अ‍ॅनिमेटेड पात्राचा पुरस्कार एरिक-यान डी बूर यांना मिळाला. ते या वाघाच्या अ‍ॅनिमेशनचे प्रमुख. कामाचं नाव एका शब्दात: वाघ.

काही दिवसांनी, त्याच महिन्यात, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, 24 फेब्रुवारीला, ऑस्करची रात्र. सभागृहाबाहेर काही अंतरावर दृश्यपरिणामांचं काम करणारी शेकडो माणसं निदर्शनं करत होती. आत त्याच वाघासाठी दृश्यपरिणामांचं ऑस्कर जाहीर झालं. चौघे मंचावर आले, डी बूर त्यात होते. बिल वेस्टनहॉफर बोलू लागले, आणि कंपनीवर कोसळलेल्या संकटाकडे वळले, तोच वाद्यवृंदाने जॉज चित्रपटातलं शार्कचं संगीत सुरू केलं आणि त्यांचा माइक बंद झाला. लांबलेली भाषणं थांबवायला त्या रात्री तेच संगीत वापरत होते, मुद्दाम यांच्यासाठी नव्हतं. पण जगभरच्या अ‍ॅनिमेशनवाल्यांच्या मनात ते क्षण रुतून बसले ते बसलेच. मार्चमध्ये ती कंपनी लिलावात विकली गेली. विकत घेणाऱ्यांचा स्टुडिओ मुंबईत होता, आणि त्यांच्या कंपनीचं नाव प्राणा. लॅटिनमध्ये अ‍ॅनिमा म्हणजे श्वास, जीव; त्यावरूनच अ‍ॅनिमेशन. ही जोडणी माझी नाही, योगायोगाची आहे.

आता आपल्या तीन पायऱ्या आठवा. करणारा, करवणारा, करवून घेणारा. क्विम्बीच्या काळात मूर्ती वरच्या पायरीला जायची. अ‍ॅनीने ती खाली आणून करवणाऱ्याच्या, आणि बऱ्याचदा करणाऱ्याच्याही हातात दिली. डी बूर यांचं नाव त्या वाघापुढे लागलं यात खोटं काही नाही. वाघ केव्हा दबा धरेल, केव्हा नुसता थकून पडेल, भूक त्याच्या चालीत कशी दिसेल, याचं भान एका डोक्यात असावं लागतं, नाहीतर शंभर हातांतून शंभर वाघ निघतात. पण मानेवरची फर ओली होऊन चिकटते तेव्हा एकेक केस कसा बसेल, हे ज्याने हैदराबादेत बसून लावलं, तो भरताच्या हिशेबाने सात्त्विक अभिनय करत होता. त्याचं नाव पुरस्काराच्या ओळीत येत नाही. येणं शक्य तरी आहे का? शेकडो नावांची मूर्ती कुणाच्या हातात द्यायची?

काही जण म्हणतात, मग वैयक्तिक पुरस्कार बंदच करा, काम सामूहिक आहे, मान समूहाला द्या. हे ऐकायला उदार वाटतं. पण समूहाला मान दिला की तो घ्यायला मंचावर कोण जातं, हे आपण सुरुवातीला पाहिलंच. क्विम्बी जातो. वाढवायच्या असतील तर खालच्या पायरीवरच्या जागा वाढवाव्यात. केसांच्या, कपड्यांच्या, गर्दीच्या, पार्श्वभूमीच्या कामाला स्वतंत्र नावं मिळावीत, आणि ती नावं लॉस एंजेलिसमधल्या माणसांपुरती थांबू नयेत. अमेरिकन दूरदर्शनवरच्या मालिकांचं बरंच प्रत्यक्ष अ‍ॅनिमेशन दशकानुदशकं कोरियात होत आलं आहे, द सिम्पसन्ससारख्या मालिकेचंही. पुढे भारतातही पुष्कळ काम आलं. तिथे लेखन आणि स्टोरीबोर्ड एका देशात, हालचाल दुसऱ्या देशात. नावाची हाक मात्र समुद्र ओलांडताना अडखळते.

वेळ झाली आहे, संयोजक घड्याळ दाखवताहेत. प्रश्न घेऊया. मागच्या आठवड्यात क्षणिकवादावर एका बाईंनी लेखी प्रश्न दिला होता, त्याचं उत्तर राहिलंय. ते आधी देतो, कारण त्यांच्या प्रश्नात नेमकं हे झोट्रोपच आहे, फक्त त्यांनी त्याला नदी म्हटलं आहे.